उबंटू अपग्रेड होताना लाईट गेली, आता मशीन सुरूच होईना. फॉरमॅट न मारता उठवायचं आहे

उद्यमनगरी

मंडळी, तातडीची मदत हवी आहे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं पॅटर्न शॉप आहे, फौंड्रीला लागणारे लाकडी आणि अ‍ॅल्युमिनियमचे पॅटर्न बनवतो. ऑफिसातल्या डेस्कटॉपवर उबंटू २२.०४ होतं, ते २४.०४ करायला घेतलं. डाउनलोड पूर्ण होऊन पॅकेजेस बसायला लागली होती, तेवढ्यात वळीव आला आणि लाईट गेली. यूपीएसने थोडा वेळ धरलं, मग तोही बसला. लाईट आल्यावर मशीन चालू केलं तर काळ्या पडद्यावर ओळी पळतात आणि शेवटी इथे येऊन सगळं थांबतं:

कर्नल पॅनिक - नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)

राजारामपुरीतल्या एका दुकानात विचारलं. ते म्हणाले, घेऊन या, फॉरमॅट मारून नवीन टाकून देतो. बाबा नको म्हणतात आणि मलाही ते पटत नाही. गेल्या महिन्यापर्यंतचं सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर आहे. पण त्यानंतर एका पंप बॉडीचं काम केलंय. बिडाचं कास्टिंग, मीटरला साधारण १० मिलिमीटर घट धरून पॅटर्न केला होता. पहिलं कास्टिंग आलं तेव्हा फ्लँजपाशी माप जुळेना. बाबा कास्टिंगवर कॅलिपर लावून एकेक माप सांगत गेले आणि मी ड्रॉइंगमध्ये दुरुस्ती करत गेलो. ते दुरुस्त आकडे फक्त याच मशीनमध्ये आहेत. पॅटर्न पार्टीकडे गेला, त्यामुळे उलटं मोजून काढायचीही सोय नाही.

५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी आहे, विंडोज नाही, फक्त उबंटू.

टिंबर_मार्केट

भावा, आधी धीर धर. दुकानवाले फॉरमॅट म्हणतात कारण त्यांच्या दृष्टीने ते सगळ्यात खात्रीचं काम असतं, मशीन चालू करून हातात द्यायचं असतं त्यांना. डेटा काढून द्या असं आधी सांगितलं तर काढूनही देतात. पण तू म्हणतोयस तशी ड्रॉइंग असतील तर मशीन कुणाच्या हातात देण्याआधी फाइली स्वतःच्या डोळ्यांनी दुसऱ्या डिस्कवर बघ. मगच पुढचं.

रात्रपाळी

फॉरमॅट अजिबात नको. तुझ्या शेवटच्या ओळीतच बरंचसं उत्तर आहे, नीट वाच.

मशीन चालू केल्यावर आधी मदरबोर्डचं फर्मवेअर जागं होतं. ते ग्रबला, म्हणजे सिस्टीम सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामला बोलावतं. ग्रब दोन गोष्टी मेमरीत चढवतो: कर्नल, आणि त्याच्यासोबत इनिटरामएफएस नावाची छोटी तात्पुरती फाइलसिस्टीम. डिस्क ओळखायला, तिच्यावरचं खरं रूट विभाजन शोधायला लागणारे ड्रायव्हर आणि स्क्रिप्ट या इनिटरामएफएसमध्ये असतात. ती सापडली नाही, तर कर्नलला रूट कुठे आहे हे कळायला मार्गच राहत नाही. कंसातलं (०,०) तेच सांगतंय: कर्नलच्या लेखी रूटचं डिव्हाइसच नाही. डिस्क खराब असती तर साधारणपणे आय/ओ एररच्या ओळी दिसल्या असत्या. तशा दिसल्या का?

माझा अंदाज असा: अपग्रेडमध्ये नवा कर्नल बसला, ग्रबच्या यादीत पहिला आला, पण त्याची इनिटरामएफएस बनण्याआधी वीज गेली. म्हणजे मशीन तुझ्या ड्रॉइंगपर्यंत पोचलेलंच नाही. त्यांना कुणी हातही लावलेला नाही.

आता एवढं कर. मशीन चालू करून लगेच एस्केप दाब. एकदाच, हळू. जास्त वेळा दाबलंस तर ग्रबचा नुसता प्रॉम्प्ट येईल. आला तरी चिंता नाही, तिथे 'नॉर्मल' टाइप करून एंटर मार आणि पुन्हा लगेच एस्केप, यादी येते. त्यात 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर उबंटू' मध्ये जा. जुना कर्नल दिसेल, तो निवड. काय होतं ते लिही.

उद्यमनगरी

आय/ओ एररची एकही ओळ नाही. यादीत दोन कर्नल दिसले. जुना निवडला तर पॅनिक आला नाही, पुढे गेला! पण मग लाल अक्षरांत चार-पाच सेवा फेल्ड दाखवून तिथेच अडकला. जुन्याचाच रिकव्हरी मोड घेतला, त्यात मेनू आला. 'डीपीकेजी - रिपेअर ब्रोकन पॅकेजेस' निवडलं तर नेटवर्क मिळत नाही म्हणून काही झालं नाही. तिथेच 'एफएससीके' (फाइलसिस्टीम तपासणी) पण आहे. मारू का?

रात्रपाळी

नको, अजून नको. एफएससीके डिस्कवर लिहितं. दुरुस्ती म्हणूनच लिहितं, पण ज्याची प्रत नाही त्यावर काहीही लिहू द्यायचं नाही. क्रम पक्का धर: आधी प्रत, मग दुरुस्ती.

जुना कर्नल पुढे गेला ही फार चांगली बातमी आहे. डिस्क सापडते, रूट माउंट होतं. अडकतंय ते अर्धी पॅकेजेस २२.०४ ची आणि अर्धी २४.०४ ची आहेत म्हणून. आता लाइव्ह पेनड्राइव्ह लागेल, म्हणजे ज्यावरून उबंटू इन्स्टॉल न करता थेट चालतं तो.

मंगळवार_पेठ

पेनड्राइव्हचं मी सांगते. कॉलेजच्या लॅबमध्ये हे काम वरचेवर करावं लागतं.

२४.०४ च्या डेस्कटॉपची आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) ६ जीबीच्या आसपास आहे, म्हणून ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागेल. तो पूर्ण पुसला जाणार, तेव्हा त्यात काही असेल तर आधी काढून घे. दुसऱ्या कुणाच्या विंडोज मशीनवर रूफस किंवा बलेना एचरने बनव. डाउनलोड झाल्यावर शा-२५६ ची बेरीज उबंटूच्या पानावरच्या आकड्याशी पडताळून घे. अर्धवट उतरलेल्या आयएसओने लॅबमध्ये आमचा फार वेळ खाल्ला आहे.

बूट मेनूची कळ मदरबोर्डवर ठरते. गिगाबाइटला एफ१२, एसूसला एफ८, एमएसआयला एफ११. डेल आणि लेनोव्होला एफ१२, एचपीला एफ९.

पेनड्राइव्हवरून सुरू झालं की भाषा वगैरे विचारून इन्स्टॉलरची खिडकी आपोआप उघडते. तिथे 'ट्राय उबंटू' निवडायचं आणि ती खिडकी बंद करायची. 'इरेज डिस्क अँड इन्स्टॉल उबंटू' असा एक पर्याय पुढे असतो, त्याच्या वाटेला जाऊ नकोस. बाबा किंवा आणखी कुणी शेजारी बसलं असेल तर बरं, घाईत हात चुकतो.

मग टर्मिनलमध्ये 'एलएसबीएलके -एफ'. तुला दोन विभाजनं दिसतील: एक छोटं व्हीएफॅट, ते ईएफआयचं, आणि एक मोठं ईएक्सटी४. ते मोठं तुझं.

उद्यमनगरी

ताई, झालं. मोठं विभाजन एनव्हीएमई०एन१पी२ आहे. फाइल मॅनेजरमधून उघडलं, होम फोल्डर दिसतंय पण माझ्या नावाच्या फोल्डरवर कुलूप आहे आणि परवानगी नाही म्हणतंय. एनक्रिप्ट झालंय का? मी कधी केलं नव्हतं.

मंगळवार_पेठ

नाही रे, एनक्रिप्शन नाही ते. उबंटू २१.०४ पासून प्रत्येकाचं होम फोल्डर दुसऱ्या वापरकर्त्याला बंद असतं. लाइव्ह सेशनमधला वापरकर्ता तुझ्या मशीनच्या दृष्टीने परका आहे, म्हणून कुलूप. सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) लावून कॉपी केलंस की येईल. एनक्रिप्ट असतं तर एलएसबीएलकेमध्ये 'क्रिप्टो_लक्स' दिसलं असतं आणि पासफ्रेज टाकल्याशिवाय ईएक्सटी४ दिसलंच नसतं.

विभाजन फक्त-वाचनासाठी माउंट कर, 'माउंट -ओ आरओ'. मग 'सुडो आरसिंक -ए' ने पूर्ण होम फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घे. नुसतं ड्रॉइंगचं फोल्डर घेऊन थांबू नकोस. लपलेली फोल्डरं असतात, ज्यांच्या नावाआधी टिंब असतं. फ्रीकॅडच्या सेटिंग, मॅक्रो, ब्राउझरचे पासवर्ड, मेल, सगळं त्यातच असतं.

एक गोष्ट पाहून घे: बाहेरची डिस्क फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल तिच्यावर बसत नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएस असेल तर अडचण नाही.

सादळेकर

थोडं विषयाला सोडून, पण लिहितो. बाहेरची डिस्क कॉम्प्युटरच्याच टेबलाच्या खणात ठेवू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शाहूपुरीत आणि व्हीनस कॉर्नरला पाणी आलं तेव्हा आमच्या ओळखीच्या एका अकाउंटंटचं मशीन आणि बॅकअप दोन्ही एकाच खणासकट पाण्यात गेलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा तीच धावपळ. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे आपल्याला पाठ असतं, पण पाणी चढायला लागल्यावर माणसं आणि जनावरं हलवायची असतात, तेव्हा हार्ड डिस्क कुणाला आठवत नाही. एक प्रत दुसऱ्या घरी, वरच्या मजल्यावर असू द्या.

उद्यमनगरी

प्रत झाली. पंप बॉडीचं ड्रॉइंग दुसऱ्या लॅपटॉपवर फ्रीकॅडमध्ये उघडून बघितलं. बाबांनी फ्लँजची मापं स्वतः वाचली, बरोबर आहेत म्हणाले. त्यांच्या तोंडून 'बरोबर' ऐकलं तेव्हा कुठे मी चहा घेतला. सादळेकर काका, दुसरी प्रत घरी फुलेवाडीला नेऊन ठेवतो.

आता दुरुस्तीचं सांगा. दुकानात नेऊन नवीन टाकायचं का, की आहे तेच नीट होईल?

टिंबर_मार्केट

डेटा हातात आला म्हणजे आता फॉरमॅटला पण हरकत नाही खरं तर. कोरं उबंटू टाकायला अर्धा-पाऊण तास लागतो.

रात्रपाळी

उबंटू टाकायला तेवढाच लागतो, हे बरोबर आहे. पण त्यानंतर प्लॉटरचा ड्रायव्हर, जीएसटीचं बिलिंग, बँकेचं टोकन, फौंड्रीला मेल पाठवायची सेटिंग, बाबांना सवय असलेली स्क्रीनची मांडणी, हे सगळं एकेक आठवून परत बसवावं लागतं. चालू कारखान्यात ते आठवडाभर पुरतं. आहे ती सिस्टीम बऱ्याचदा दुरुस्त होते आणि प्रत हातात असल्यामुळे प्रयत्नात धोका नाही. म्हणून आधी दुरुस्ती.

सुरू करण्याआधी दोन गोष्टी. एक, यूपीएसची बॅटरी बदल किंवा ओळखीतला इन्व्हर्टर जोड, वळवाचे दिवस आहेत. दोन, लाइव्हमध्येच स्मार्टमॉनटूल्स टाकून 'स्मार्टसीटीएल -ए' चालव. त्यात 'क्रिटिकल वॉर्निंग' आणि 'मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स' या दोन ओळी बघ. दोन्हीकडे शून्य असेल तर पुढे जाऊ. एसएसडीच आजारी असेल तर तिच्यावर मेहनत करण्यात अर्थ नाही.

उद्यमनगरी

दोन्ही शून्य. शेजारच्या वर्कशॉपमधून इन्व्हर्टरची लाइन घेतली आहे.

रात्रपाळी

मस्त. मगाशी माउंट केलेलं काढ. विभाजन मोकळं असतानाच आता 'ई२एफएससीके -एफ' चालव. ईएक्सटी४ जर्नल ठेवतं, त्यामुळे वीज गेल्यावरही बहुतेक वेळा काही फारसं निघत नाही. स्वच्छ निघालं की विभाजन स्लॅश एमएनटीवर माउंट कर, या वेळी लिहिता येईल असं. ईएफआयचं छोटं विभाजन एमएनटीमधल्या बूट/ईएफआयवर.

मग लाइव्ह सिस्टीमचे डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन हे चारही 'माउंट --आरबाइंड' करून एमएनटीच्या आत जोड. रन विसरायचं नाही. इंटरनेटवरची नावं शोधायची जी फाइल असते, रिझॉल्व्ह.कॉन्फ, ती उबंटूमध्ये रनच्या आतल्या फाइलकडे बोट दाखवते. रन जोडलं नाही तर आत गेल्यावर इंटरनेट असूनही एकही पॅकेज उतरत नाही आणि माणूस राउटरला दोष देत बसतो.

आता 'सुडो सीएच-रूट स्लॅश एमएनटी'. इथून पुढे टर्मिनल तुझ्या मूळ सिस्टीमच्या आत आहे, कर्नल मात्र पेनड्राइव्हचा चालतोय. आत गेल्यावर आधी फक्त बघ, काही करू नकोस:

'डीएफ -एच' ने जागा किती आहे ते.
'एलएस स्लॅश बूट' ने तिथे काय आहे ते.
व्हार/लॉग/डीपीकेजी.लॉगच्या शेवटच्या ओळी.

उद्यमनगरी

एफएससीकेला काही सापडलं नाही. जागा भरपूर आहे, निम्मी डिस्क रिकामी. बूटमध्ये दोन व्हीएमलिनझ (कर्नलच्या फाइली) आहेत पण इनिटआरडी (इनिटरामएफएसची फाइल) एकच, तीही जुन्या कर्नलची. तुमचा अंदाज बरोबर निघाला. लॉगच्या शेवटच्या ओळीत एका पॅकेजपुढे 'हाफ-कॉन्फिगर्ड' लिहिलंय, त्याच्या वरती कितीतरी 'अनपॅक्ड'.

रात्रपाळी

म्हणजे सामान सगळं खोललं गेलंय, बसवायचं बाकी आहे. जागा भरली असती तर आधी व्हार/कॅश/एपीटीमधली उतरवलेली पॅकेजेस काढून जागा करावी लागली असती. बूटचं वेगळं छोटं विभाजन असलेल्या मशीनवर हा पॅनिक बहुतेक जागा संपल्यानेच येतो, हे वाचणाऱ्या इतरांनी लक्षात ठेवा.

आता क्रमाने. 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए'. बराच वेळ चालेल, चालू दे. मधे एखाद्या कॉन्फिगरेशन फाइलबद्दल विचारेल, तुझी ठेवू की नवी घेऊ. तू हाताने बदललेली फाइल असेल तर आपली ठेव, नाहीतर नवी घे. एखाद्या पॅकेजवर अडला तर 'एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल', आणि परत तेच. दोन्ही गप्प झाले की 'एपीटी अपडेट' आणि 'एपीटी फुल-अपग्रेड'.

त्यानंतर बूटमध्ये परत बघ. नव्या कर्नलची इनिटआरडी आपोआप आलेली असायला हवी. नसेल तर 'अपडेट-इनिटरामएफएस -सी -के' आणि पुढे कर्नलचं पूर्ण नाव. सी म्हणजे नव्याने बनव. यू आहे तिला ताजी करतं, इथे मुळात नाहीच, म्हणून सी. शेवटी 'अपडेट-ग्रब'. त्याच्या उत्तरात प्रत्येक 'फाउंड लिनक्स इमेज'खाली 'फाउंड इनिटआरडी इमेज' आली पाहिजे. जोडी जुळली तरच रीबूट कर.

गडहिंग्लजकर

धागा वाचतोय. आमच्याकडे विंडोज १० होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपल्यावर भावाने ११ केलं. नंतर काहीतरी म्हणून बायोसमध्ये सेटिंग बदललं, आता निळा पडदा येतो आणि ४८ अंकी की मागतो. आम्ही कधी पासवर्ड ठेवला नव्हता. लाइव्ह पेनड्राइव्हने आमचाही डेटा निघेल का?

मंगळवार_पेठ

तुमचा प्रकार वेगळा आहे. ती बिटलॉकरची रिकव्हरी की आहे. कितीतरी लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केल्यावर डिस्कचं एनक्रिप्शन आपोआप सुरू होतं, वापरणाऱ्याला पत्ताही नसतो. बायोसमधलं टीपीएम किंवा सिक्युअर बूट बदललं की विंडोजला मशीन ओळखीचं वाटत नाही आणि ते की मागतं.

की बहुतेक वेळा त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. दुसऱ्या फोनवरून किंवा मशीनवरून भावाच्या खात्यात लॉगिन करा, डिव्हाइसमध्ये बिटलॉकर कीज बघा. पडद्यावर की आयडी दिसतो, त्याची पहिली अक्षरं जुळतात तीच की घ्या. बायोसचं सेटिंग होतं तसं परत केलं तरी बऱ्याचदा की न मागता सुरू होतं. पेनड्राइव्हने डिस्क दिसेल, पण की नसेल तर आतलं वाचता येणार नाही. आणि की मिळेपर्यंत रीसेट करू नका, अगदी कुणीही सांगितलं तरी.

गडहिंग्लजकर

भाऊ पुण्यात आहे, त्याला फोन करून बघायला लावलं. खात्यात की सापडली, आयडी जुळला, टाकल्यावर उघडलं. ताई, तुमचे खरंच आभार. आधी सगळे फोटो काढून घेतोय.

उद्यमनगरी

इकडेही झालं! डीपीकेजीने बराच वेळ घेतला, एका ठिकाणी अडला, फिक्स-ब्रोकन मारल्यावर पुढे गेला. इनिटआरडी आपोआप आली नव्हती, सी लावून बनवली. अपडेट-ग्रबमध्ये दोन्ही जोड्या जुळल्या. रीबूट केलं आणि लॉगिनचा पडदा आला. बाबांनी पाठीवर थाप मारली, ती तुम्हा सगळ्यांना.

एक राहिलंय. पडदा मोठ्या मोठ्या अक्षरांत, कमी रिझोल्यूशनमध्ये आहे. मशीनमध्ये एनव्हीडियाचं कार्ड आहे. फ्रीकॅडमध्ये मॉडेल फिरवलं की अडखळतं.

रात्रपाळी

नाद खुळा! कार्डचा ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी बनलेला नसणार. 'उबंटू-ड्रायव्हर्स लिस्ट' करून बघ, मग 'सुडो उबंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल', आणि रीबूट. सिक्युअर बूट चालू असेल तर मधे एक पासवर्ड ठरवायला लावेल आणि रीबूटवर निळ्या पडद्यात 'एनरोल एमओके' विचारेल. तिथे तोच पासवर्ड द्यायचा. तो पडदा थोडाच वेळ थांबतो आणि न पाहता पुढे गेलं तर ड्रायव्हर लागत नाही, म्हणून रीबूट करताना समोरच बस.

कुणाला लॉगिनऐवजी नुसता काळा पडदा आला, तर ग्रबच्या यादीत ई दाबून लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' लिहायचं आणि एफ१०. तेवढ्या एका वेळेपुरतं साध्या पडद्यावर सुरू होतं, मग ड्रायव्हर टाकता येतो.

उद्यमनगरी

एमओकेचा पडदा आला, पासवर्ड दिला. रिझोल्यूशन नीट झालं, मॉडेल सरळ फिरतंय. प्लॉटरवर पंप बॉडीचं ड्रॉइंग काढून बाबांनी फाइलला लावलं.

आता 'डू-रिलीज-अपग्रेड' परत चालवावं लागेल का? आणि फ्रीकॅड मी वेगळ्या पीपीएवरून (उबंटूबाहेरच्या पॅकेजसाठ्यावरून) घेतलं होतं, त्याला अपडेट येत नाहीये.

रात्रपाळी

परत चालवायची गरज नाही. 'एलएसबी_रिलीज -ए' मध्ये २४.०४ दिसतंय ना, आणि 'डीपीकेजी --ऑडिट' ने काही छापलं नाही, तर अपग्रेड पूर्ण झालं.

पीपीए अपग्रेड सुरू होतानाच बंद केले जातात, मुद्दामच, कारण ते जुन्या आवृत्तीसाठीचे असतात. 'सॉफ्टवेअर अँड अपडेट्स'मध्ये 'अदर सॉफ्टवेअर' या भागात तो बिनखुणेचा दिसेल. त्या पीपीएवर २४.०४ साठी, म्हणजे नोबलसाठी, पॅकेज आहे का ते आधी बघ. असेल तरच खूण कर. नसेल तर तो काढून टाक आणि फ्रीकॅड स्नॅपवरून किंवा अ‍ॅपइमेज म्हणून घे. मात्र नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुन्यात नीट उघडेलच असं नाही. म्हणून पंप बॉडीच्या मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवून मगच नव्या फ्रीकॅडमध्ये उघड.

उद्यमनगरी

नोबलसाठी आहे. प्रत ठेवली, खूण केली, अपडेट चालू आहे.